मांडवी की जंगलजेटी? आधी सासूबाईंना विचारा

वाचकांचा प्रश्न

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ४६, नोकरी करतात. घरात मिस्टर, १३ आणि ९ वर्षांची दोन मुलं आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. मे महिन्यात गुहागरजवळच्या सासरच्या गावी पुतणीचं लग्न आहे आणि १२ मेला सगळ्यांनी निघायचं आहे. मिस्टरांनी गेल्या वर्षी गाडी घेतली. त्यांची इच्छा अशी की भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे गाडीही नेणाऱ्या मोठ्या बोटीने, मांडव्याला जायचं आणि मग किनाऱ्याने, खाड्या फेरीबोटीने ओलांडत, घर गाठायचं. ऑफिसातल्या कुणी त्यांना कोलाडहून रेल्वेवर गाडी चढवायचीही कल्पना दिली आहे. ताईंना कोकण रेल्वे बरी वाटते, पण आरक्षण मिळेल का आणि चिपळूणला उतरून पुढे काय, ही चिंता आहे. त्या लिहितात, "सासूबाईंच्या गुडघ्यांना त्रास आहे. बोटीचं नाव काढलं की त्या गप्प होतात, म्हणजे घाबरतात. मिस्टर म्हणतात, आईला समुद्र आवडतो. यावरून घरात रोज वाद होतो. सगळ्यांत स्वस्त आणि सोयीचं काय, ते एकदा सांगून टाका."

उत्तर

ताई, सांगते. पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडले. सासूबाई गप्प होतात. त्या गप्प बसण्याचा तुम्ही एक अर्थ लावलात, तुमच्या मिस्टरांनी दुसरा लावला आणि वाद सुरू झाला. त्यांना कुणी विचारल्याचं पत्रात कुठेच नाही.

७६ वर्षांची, दाभोळच्या खाडीच्या आसपासची बाई म्हणजे तिच्या लहानपणी मुंबईला जायचा रस्ता समुद्रातून होता. कोकण किनाऱ्याची बोट तेव्हा हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरं घेत जायची. बोट लांब उभी राहायची आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. तुमच्या सासूबाई कदाचित त्याच बोटीने पहिल्यांदा मुंबईला आल्या असतील. त्या पिढीतल्या कित्येक घरांत रामदास बोटीची आठवणही आहे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. ज्यांच्या घरातलं कुणी त्यात होतं, त्यांच्याकडे बोट हा शब्द पुढेही जपून उच्चारला जायचा. तेव्हा गप्प बसणं भीतीचं असू शकतं, आठवणीचंही असू शकतं. किंवा आपल्यामुळे मुलाचा बेत मोडायला नको, एवढंच असेल. आज रात्री जेवणं झाली की त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. मुलांसमोर नको, मिस्टरांसमोरही नको.

आता हिशेबाकडे येते. तुम्ही दोघं तिकिटांची बेरीज करताय. ती मांडायला सोपी असते, पण प्रवास घराच्या उंबरठ्यापासून सुरू होतो आणि गावच्या उंबरठ्यावर संपतो. मधे जितक्या वेळा सामान उचलावं लागतं, रांगेत उभं राहावं लागतं, पायऱ्या चढाव्या लागतात, ते सगळं भाड्यातच धरायचं. आणि हे मोजताना घरातल्या सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाच्या पायांनी मोजायचं. तुमच्या घरी ते पाय सासूबाईंचे आहेत.

भाऊच्या धक्क्याची रो-रो २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि फार चांगली सोय झाली. तासाभरात गाडीसकट मांडवा. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, ही मात्र हवामान बरं असेल तेव्हा पावसातही जाते. परळ, दादर, कुलाब्याच्या माणसाला अलिबागला जायचं असेल तर मी डोळे मिटून हीच सांगेन. तुम्ही मात्र ठाण्यात राहता. कोकणात जाण्यासाठी तुम्हाला आधी उलटं, दक्षिणेला माझगावपर्यंत जावं लागेल, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे आणि फ्रीवेची गर्दी काढत. फेरीच्या बऱ्याच आधी पोचून रांग लावायची. गाडी खालच्या डेकवर उभी करून सगळ्यांनी वर जाऊन बसायचं, म्हणजे गुडघेदुखीच्या माणसाला चढणं-उतरणं आलं. एवढं करून तुम्ही मांडव्याला उतरता तेव्हा अलिबागसुद्धा अजून वीसेक किलोमीटर पुढे असतं. तेवढ्या वेळात पनवेल-वडखळवरून गेलेली गाडी अलिबागच्या जवळपास आलेली असते. आणि तुम्हाला जायचंय गुहागरला! नवी मुंबईच्या वाचकांनाही हेच लागू आहे. अटल सेतूने एकेरी २५० रुपये टोल भरून मुंबईत शिरायचं आणि मग रो-रोने परत खाडीपलीकडे यायचं, याला सोय म्हणता येणार नाही. हौस म्हणून एकदा जरूर करा, मुलांना आयुष्यभर लक्षात राहील. फक्त लग्नाच्या गडबडीत नको.

मिस्टरांच्या डोक्यातला किनाऱ्याचा रस्ता मी स्वतः केला आहे आणि त्यांना तो का करावासा वाटतो हे मला पुरतं कळतं. अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत आगरदांड्याला यायचं आणि फेरीबोटीने दिघीला उतरायचं. मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्याला दुसरी फेरी, पलीकडे वेसवी. केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली करत दाभोळ, तिथून तिसरी फेरी धोपाव्याला, आणि समोर गुहागर तालुका. या फेरीबोटींना आपल्याकडे सगळे जंगलजेटीच म्हणतात. दाभोळ-धोपावे २००३ मध्ये सुरू झाली, त्याआधी दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला गाडी न्यायची तर खेड-चिपळूणला वळसा घालून यावं लागायचं. आता पंधरा-वीस मिनिटं.

दाभोळच्या उतारावर संध्याकाळी आमची गाडी रांगेत सहावी होती. बोट आली, लोखंडी फळी दगडी उतारावर खणकन पडली, आधी पलीकडच्या मोटारसायकली निघाल्या, मग डोक्यावर टोपल्या घेतलेल्या दोन बायका, मग गाड्या. आमची पाळी आली तेव्हा शिट्टी तोंडात धरलेल्या पोराने हाताने खुणा करत गाडी रिव्हर्समध्ये चढवायला लावली. बाजूच्या गाडीत आणि आमच्या गाडीत हात जाईल एवढंच अंतर. वडील त्या वेळी ८१ वर्षांचे होते, ते खाली उतरलेच नाहीत, काच खाली करून बसून राहिले. उतरायची गरजही पडली नाही. सांगायचा मुद्दा हा की या छोट्या फेऱ्या म्हाताऱ्या माणसाला जड जात नाहीत. जड जातो तो त्यांच्यामधला रस्ता. अरुंद, सतत वळणांचा, चढ-उतारांचा. ठाण्याहून निघून एका दिवसात या रस्त्याने गुहागर गाठायला जाल तर मागच्या सीटवरची मुलं ओकतील आणि सासूबाईंचे गुडघे संध्याकाळपर्यंत आखडतील. शिवाय या फेऱ्या रात्री बंद होतात, त्यामुळे उशीर झाला की काठावर अडकायची भीती वेगळी. दोन दिवस काढून, दिवेआगरला किंवा श्रीवर्धनला मुक्काम करून जायचं असेल तरच हा रस्ता धरावा.

कोलाडच्या गाडीचं थोडक्यात सांगते. २०२५ च्या गणपतीसाठी कोकण रेल्वेने कोलाड ते गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत मोटारी नेणारी रो-रो सुरू केली होती. एका गाडीला ७,८७५ रुपये, एका फेरीत ४० गाड्या, आणि गाडीमागे फक्त तीन माणसं सोबतच्या डब्यात, त्यांचं तिकीट निराळं. तुम्ही पाच जण. ठाण्याहून कोलाडपर्यंत महामार्ग स्वतःच चालवायचा आणि गाडी उतरणार गुहागर मागे टाकून पार गोव्याला. ही सोय गोव्याला किंवा सिंधुदुर्गाच्या टोकाला जाणाऱ्या तिघांच्या कुटुंबाने बघावी. तुम्ही हा पर्याय सोडून द्या.

राहिली सरळ महामार्गाने गाडी. ठाणे ते गुहागर चिपळूणमार्गे साधारण २८० किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी असेल तर एकेरी १८-१९ लिटर पेट्रोल, जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट, वर टोल आणि वाटेतलं खाणं. पाच माणसांत भागलं तर हे महाग नाही, मिस्टरांचं म्हणणं इथे बरोबर आहे. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटातली वळणंही टळतात. पण मे महिन्यात चाकरमान्यांच्या गाड्यांनी महामार्ग कुठे तुंबेल याचा नेम नाही. आणि एक गोष्ट आहे जी कुणी हिशेबात धरत नाही, म्हणून उघड लिहिते. आपल्या घरातल्या वयस्कर बायका रस्त्याने प्रवासाला निघायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करतात. वाटेत जायला चांगली जागा मिळेल की नाही, गाडी थांबवा म्हणायचं कसं, या संकोचाने. माझी आई हेच करायची. मे महिन्यात, आठ-नऊ तास. गावी पोचल्यावर दोन दिवस ती डोकं धरून पडून असायची आणि आम्ही म्हणायचो, आईला प्रवास सोसत नाही. तिला तहान सोसत नव्हती. हे आमच्या लक्षात यायला फार वर्षं गेली.

रेल्वेच्या डब्यात स्वच्छतागृह असतं, मधे उठून दोन पावलं चालता येतं, पाय लांब करता येतात. निव्वळ एवढ्यासाठी माझं मत रेल्वेकडे झुकतं, ताई.

तुम्हाला मी मांडवी एक्स्प्रेस सुचवेन. सकाळी ठाण्याला मिळते आणि दुपारपर्यंत चिपळूणला सोडते. जनशताब्दी तिच्याहून वेगाने जाते, पण ती पहाटे निघते आणि तिच्यात बसायच्याच जागा, आडवं होता येत नाही. कोकणकन्येचा वेळ रात्रीचा. ठाण्याला मध्यरात्रीच्या सुमारास चढायचं आणि उजाडायच्या आत चिपळूणला उतरायचं, म्हणजे झोप धड इकडे नाही, तिकडे नाही. वंदे भारत खेडला थांबते, ती दापोलीकडे जाणाऱ्यांना जास्त सोयीची. मांडवीत स्लीपर किंवा थ्री एसी घ्या, खिडकीतून सह्याद्री बघत जा. त्या गाडीतल्या खाण्याचीही ख्याती आहे, मुलं खूश राहतील.

आरक्षणाचं गणित आता बदललं आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी तिकीट उघडतं. १२ मेला निघायचं तर १३ मार्चला सकाळी ८ वाजता. कोकणच्या मे महिन्यातल्या गाड्या काही मिनिटांत भरतात, म्हणून आदल्या रात्रीच सगळ्यांची नावं आयआरसीटीसीच्या मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा. आणि पाचही जणांचं एकच तिकीट काढू नका. तुम्ही ४५ च्या वर आहात आणि सासूबाई ज्येष्ठ नागरिक. तुमच्या दोघींचं वेगळं तिकीट लोअर बर्थ कोट्यातून काढा. या कोट्यात एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघंच चालतात, पाच जणांच्या तिकिटाला त्याचा फायदा मिळत नाही. मिस्टर आणि दोन्ही मुलं दुसऱ्या तिकिटावर. नऊ वर्षांच्या लेकराला वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट लागतं, हवा असेल तर पूर्ण. जनशताब्दीसारख्या बसायच्या डब्यांत मात्र ही अर्ध्याची सोय नाही. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती हिशेबात धरू नका. नाहीच मिळालं तर तत्काळ आहे, प्रवासाच्या आदल्या दिवशी एसीला १० वाजता आणि बाकीला ११ वाजता. पण लग्नाला जायचंय, एवढं टांगतं ठेवू नये असं मला वाटतं.

ठाण्याला गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, तरी अर्धा तास आधी पोचा आणि डबा फलाटावर कुठे येणार तिथे सासूबाईंना आधीच नेऊन बसवा. कोकणातले काही फलाट बुटके आहेत, तेव्हा उतरताना मिस्टरांनी आधी खाली उतरून हात द्यावा आणि सामान मोठ्या मुलाने पुढे करावं. तुमच्या सामानात पाटवस्त्रं आणि दागिने असतील, बॅगा कमी आणि चाकांच्या घ्या. परतीला आंब्याच्या पेट्या येणारच. पाच जणांत दोन पेट्या आरामात येतात, सहा येत नाहीत. दीर भरभरून देतील, त्यांना प्रेमाने आधीच सांगून ठेवा.

चिपळूणला उतरून पुढे काय, ही तुमची चिंता रास्त आहे. स्टेशन आणि एसटी स्टँड एकाच ठिकाणी नाहीत, मधे काही किलोमीटर रिक्षा करावी लागते. गुहागर तिथून साधारण ४५ किलोमीटर. एसटीने जाल तर सासूबाईंना ७५ च्या वर म्हणून तिकीटच नाही, तुम्हाला निम्मं. आधार कार्ड जवळ ठेवा. पण माझं ऐकाल तर त्या एका टप्प्यावर पैसे खर्च करा. दिरांना सांगून गावातलीच एखादी मोठी गाडी स्टेशनवर बोलावून घ्या, लग्नघरी कुणीतरी चिपळूणला खरेदीला येतच असतं. रेल्वेत वाचवलेल्या पैशातला थोडा भाग इथे घातला की सासूबाईंचे दोन चढ-उतार वाचतात.

आता मिस्टरांच्या गाडीचं. त्यांना ती गावच्या अंगणात उभी करायची असेल, चार माणसांनी बघावी असं वाटत असेल, तर त्यात वावगं काय आहे? कष्टाने घेतलेली पहिली गाडी आहे. त्यांची तशी फार इच्छा असेल तर त्यांनी आणि मोठ्या मुलाने गाडी घेऊन एक दिवस आधी निघावं, दापोलीवरून दाभोळची फेरी धरावी, आणि दुसऱ्या दिवशी चिपळूणला तुम्हाला घ्यायला यावं. मग तुमच्या सामानाचा आणि आंब्यांचा प्रश्नही सुटतो. कुटुंबाने एकत्रच निघायला हवं असं तुम्ही पत्रात गृहीत धरलंय. एकत्र पोचलात तरी पुरे. तेरा वर्षांच्या मुलाला बापाबरोबर असा एक दिवस मिळणं ही मोठी गोष्ट आहे. खर्च थोडा वाढेल, तो परवडतो का हे तुम्ही दोघांनी बसून ठरवा.

ज्यांना अलिबागकडे फक्त एक दिवस जाऊन यायचं आहे अशा नवी मुंबईच्या वाचकांचीही पत्रं माझ्याकडे असतात, त्यांच्यासाठी इथेच लिहिते. १२ जानेवारी २०२४ पासून नेरूळ आणि बेलापूरहून लोकल थेट उरणला जाते. उरणहून रिक्षाने करंजा, करंजाहून लाँचने खाडी ओलांडून रेवस, तिथून एसटी किंवा मिनिडोरने अलिबाग. यापेक्षा स्वस्त वाट मला माहीत नाही. पण तीन वेळा वाहन बदलायचं, म्हणून ही तरण्या पायांची वाट आहे. निघण्याआधी भरती-ओहोटी बघून घ्या, या भागातल्या बंदरांत गाळ साचलेला असतो आणि उरणजवळच्या मोरा बंदरातल्या लाँच तर ओहोटीला अडकून पडतात. कुठल्याही लाँचवर लाइफ जॅकेट हातात मिळेपर्यंत बसू नका. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीच्या वाटेवर बोटीचा जो अपघात झाला, त्यानंतर तरी जॅकेट मागायला कुणी लाजू नये. एकदा एका धक्क्यावर लाँच इतकी भरली होती की काठ पाण्याला टेकेल असं वाटत होतं. मी मुलांना घेऊन उतरले, तिकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत. पुढच्या लाँचने गेलो, पाऊण तास उशिरा.

शेवटी, ताई, मिस्टरांची बोट. लग्न उरकलं की दुसऱ्या दिवशी सगळे निवांत असतात. त्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, सगळ्यांना घेऊन धोपाव्याला जा. माणशी तिकीट फार नसतं. पलीकडे दाभोळला उतरून चंडिकादेवीचं दर्शन घ्या, जमिनीखालच्या कातळात खोदलेलं ते मंदिर मुलांनी कधी पाहिलं नसेल. आत अंधार आहे, वाकून जावं लागतं, त्यामुळे सासूबाईंनी बाहेरूनच हात जोडले तरी चालतील. बंदरावरची जुनी दगडी मशीदही बघा. आणि धोपाव्याच्या काठावर बोटीची फळी खाली पडली की सासूबाईंना एकदा विचारा, येता का. त्या हो म्हणाल्या तर बाकावर त्यांच्या शेजारी बसा आणि पूर्वीची बोट दाभोळला कुठे उभी राहायची ते त्यांना दाखवायला सांगा. नाही म्हणाल्या तर त्यांच्याजवळ काठावर थांबा, बाकीचे जाऊन येतील. फेऱ्या दिवसभर चालू असतात.

१३ मार्चचा गजर मात्र आजच लावून ठेवा.